फुली-गोळा

नकाशावर ती एक फुली आहे.
वरून वळसा घेत जाणारी रिंग,
खालून पूर्व-पश्चिम धावणारे रूळ,
आणि एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो तिथे
मी, गुंडुला पेत्सोल्ड,
लाल टोपी, हातात हिरव्या काठाची तबकडी,
बेचाळीस वर्षं.

आजोबा शेवटपर्यंत त्याला श्ट्रालाऊ-रुमेल्सबुर्गच म्हणत.
तोंडात मावायचं नाही, तरी.
तेहतीस साली त्याचं ओस्टक्रॉइत्स झालं.
तेहतीस साली बरंच काही बदललं.
त्याबद्दल ते बोलत नसत,
पाण्याच्या बुरुजाबद्दल बोलत:
विटांचं अंग, वर टोकदार शिरस्त्राण,
कैसरचा शिपाईच जणू,
ज्याला पहारा संपल्याचं कुणी कळवलंच नाही.
इंजिनांना तहान होती तेव्हा पाणी पाजायचा.
तहान गेली. तो आहे.

हे स्टेशन एका बैठकीत कुणी आखलेलं नाही.
लागेल तसं जोडत गेले,
इथे एक फलाट, तिथे एक जिना,
मग त्या जिन्याची सोय म्हणून एक पूल.
ओतीव लोखंडाचे खांब, फळ्यांचं छप्पर,
आणि फलाटांना अक्षरं, ज्यांच्या क्रमात
नवख्याला हमखास चकवा लागे.
नावाच्या आधी एक र लावून लोक हसायचे:
रोस्टक्रॉइत्स. गंजाची फुली.
हसून झालं की
कठड्यावरचा हात कोटाला पुसायचे.

एकसष्टचा ऑगस्ट, शनिवारची रात्र.
वाल्ट्राउट, माझी बहीण, तीन स्टेशनं पलीकडे, नॉयकोल्नला राहायची.
आलुबुखारच्या केकचा रिकामा डबा माझ्या खोलीत विसरून
ती रिंगमध्ये चढली.
मी तबकडी उंचावली, आणि माइकमध्ये म्हणाले
ते, जे दिवसातून चारशेदा म्हणायचे:
मागे राहा.
दारं मिटली. मागचा लाल दिवा वळणाआड गेला.

सकाळी रिंगचा नाल झाला होता.
फुली तशीच, गोळ्याचाच तुकडा कुणी पुसलेला.
माझ्या फलाटावरून सुटलेली गाडी
त्रेप्टोच्या बागेपर्यंत जाई
आणि शिकवलेल्या घोड्यासारखी तिथून परते.
मागे राहा, मी म्हणायचे.
दारापासून दूर व्हा, असा त्याचा अर्थ.
दुसराही होतो.
तो प्रवाशांसाठी नव्हता.

डब्यात मी बटणं ठेवू लागले.

भिंत पडली तेव्हा ती आली, नवऱ्याच्या मोटारीतून.
रेल्वेवाल्यांच्या घरात त्याला येणं म्हणत नाहीत.
सत्त्याण्णवच्या डिसेंबरात रूळ पुन्हा जुळले.
मी ड्यूटीवर होते. त्रेप्टोकडून गाडी आली,
ती उतरली, खुबा धरून, श्वास सांभाळत,
जिन्यापाशी थांबली, खाली पाहिलं.
तीन स्टेशनं, छत्तीस वर्षं, आणि ती म्हणाली,
"अजून सरकता जिना नाही?"

आता आहे.
गाड्या धावत असताना त्यांनी सगळी हाडं बदलली,
एक फलाट उखडायचा, लोकांना दुसऱ्यावरून वळवायचं,
मग तोही उखडायचा.
माझ्या काळचा जिना कधी गेला, कळलंही नाही,
वर्षभर तो पत्र्याआड होता.
रिंगवर आता पोलाद आणि काचेचा केवढा तरी मांडव,
इतका उजेड की स्टेशनात उभं असल्यासारखं वाटत नाही,
दुकानात वाटतं.
लिफ्टमध्ये आरसा. म्हातारीला कशाला आरसा?
घोषणा रेकॉर्ड केलेल्या.
त्या बाईला मी ओळखत नाही,
पण दम घ्यायची जागा तिची चुकते.

मंगळवारी आम्ही दोघी रिंगमध्ये बसतो.
पुरा गोळा साठ मिनिटांचा.
बुरूज दिसला की वाल्ट्राउट दर खेपेला
तो डबा मागते.
बटणं आहेत त्यात, मी म्हणते.
नाही देत.